आत्याच्या औषधांची पिशवी

माझ्या आत्याला मी पाडलं. धक्का देऊन नव्हे, मान हलवून.

इस्पितळातून तिला घरी सोडायच्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर मला बाजूला घेऊन औषधं समजावत होत्या. ही सकाळी, ही जेवल्यावर, ही पाण्याची गोळी, हिनं लघवीला जास्त होईल, घाबरू नका. ही रक्तदाबाची नवी, ही सुरू झाली की घरातली जुनी बंद. माझं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आणि तो आपल्यासाठीच वाजवतोय हे माणसाला आपोआप समजतं. सिस्टरांनी विचारलं, “कळलं?” मी मान हलवून म्हटलं, “कळलं.”

गावच्या शाळेत मी मन लावून काही शिकलो असेन तर एवढंच. मास्तरांनी ‘कळलं?’ विचारलं की ‘कळलं’ म्हणायचं. मग ते पुढच्या बाकाकडे वळतात आणि आपण सुटतो. या एका विद्येवर मी पदवीपर्यंत पोचलो. सिस्टरही वळल्या. त्यांना अजून बऱ्याच खाटा उरकायच्या होत्या.

घरी आल्यावर मी बाजारातून कप्प्यांचा एक प्लॅस्टिकचा डबा आणला, सकाळ-दुपार-संध्याकाळ असं छापलेला. इस्पितळाची नवी पाकिटं आणि आत्याच्या कपाटातली जुनी पाकिटं, त्यातलं संपलेलं एक वस्तीच्या दवाखान्यातून पुन्हा आणून, समोर घेऊन बसलो, गोळ्या सोलून काढल्या आणि एकेकीला तिचा कप्पा नेमून दिला. काम संपल्यावर डबा थोडा लांब धरून पाहिला. कुरियरच्या कचेरीत मी दिवसभर पार्सलं लावतो. तिथे माझं कौतुक कोणी करत नाही, म्हणून इथे स्वतःच करून घेतलं. सकाळच्या कप्प्यात रक्तदाबाची एकच गोळी दोनदा गेली होती. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, रंगही वेगळा. औषध तेच.

आठवडाही झाला नसेल. आत्या सकाळी चहा ठेवायला खुर्चीतून उठली आणि टेबलाच्या कडेला कपाळ आपटून खाली आली. मी धावलो. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, “टेबल पुढे कोणी सरकवलं? तूच ना?”

टेबल होतं तिथेच होतं. पण बाई बोलतेय, तेही टोमणा मारून, म्हणजे डोकं जागेवर आहे एवढं मला समजलं.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुलींच्या एका शाळेत, प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं, आणि निवृत्त झाली तेव्हा तिच्याकडून परीक्षानळी धुवायला शिकलेल्या मुलींच्या मुली शाळेत यायला लागल्या होत्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या हे तिचं खातं. निळ्या शाईनं नाव लिहायचं, डिंकानं चिकटवायचं आणि वरून वितळलेलं मेण ब्रशनं फिरवायचं, म्हणजे आम्ल ओघळलं तरी अक्षर जात नाही. बिनचिठ्ठीची बाटली सापडली तर आत काय असेल याचा तर्क करायचा नाही, ती थेट बाद. एकदा विज्ञानाच्या नव्या बाईंनी अशी एक बाटली हुंगून “पाणीच आहे हो” असं म्हटलं, तर आत्या म्हणाली, “मग प्या.” त्या बाई पुढे मुख्याध्यापिका झाल्या, पण आत्याशी जपूनच वागल्या.

घरातही तेच. मिठाची बरणी, साखरेची बरणी, काचेतून बटणं स्पष्ट दिसणारी बटणांची बरणी, सगळ्यांवर निळ्या अक्षरात नावं. नोकरी लागून मी तिच्याकडे राहायला आलो तेव्हा महिन्याभरात माझ्या खोलीच्या दारावरही चिठ्ठी आली: ‘स्फोटक नाही. ढवळल्याशिवाय हलत नाही.’ वर मेण. अजून निघालेली नाही.

अशा बाईच्या घरात औषधाची चूक व्हावी हे तिला पटेचना. आणि खरं सांगायचं तर दोन्ही पाकिटांवरची नावं अगदी बरोबर होती. गोम तिथेच होती.

ती पडल्याचं मी दादाला कळवलं. दादा म्हणजे तिचा मुलगा, माझा आतेभाऊ. दूरच्या मोठ्या शहरात लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत असतो, त्यामुळे कोणी पडलेलं त्याला मुलगा म्हणूनही आवडत नाही आणि धंदा म्हणूनही. तो आत्याला म्हणाला, “आई, खोली तयार आहे. तू फक्त ये.”

“तुझ्या खोलीत काय कमी आहे रे? छानच आहे. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते.”

“मस्करी नको. आधी इस्पितळ, आता हे. महिन्यानं मी येतोय. तोवर सगळं ठीक असेल तर बघू. पुन्हा पडलीस तर सामान बांधायचं आणि घर भाड्यानं द्यायचं. मान्य?”

“मान्य,” आत्या म्हणाली आणि फोन ठेवून बराच वेळ कपाळावरच्या टेंगळाला बर्फ लावत बसली. मग मला म्हणाली, “तिथे सून चांगली आहे, मुलगा चांगला आहे. पण चहा ठेवू का असं विचारून चहा ठेवावा लागतो. आणि दाराची किल्ली त्यांच्याकडे असते.”

तिचं सगळं म्हणणं या किल्लीत होतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला वस्तीचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांनी जखम पाहिली, मनगट वळवून पाहिलं, मग तिला झोपवून रक्तदाब घेतला आणि उभं करून पुन्हा घेतला. “उभ्या राहिलात की दाब फार खाली जातोय,” ते म्हणाले. “औषधांचं काहीतरी बिघडलंय. बाजूला बाई आहेत, त्यांच्याकडे बसा. नुसतं जाऊन येऊ नका, बसा.”

औषधवाल्या बाई खिडकीच्या आत नव्हत्या. त्यांनी खिडकीबाहेर एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून घेतल्या होत्या. उभ्या माणसाला घाई असते, बसलेला माणूस ऐकतो, असा त्यांचा हिशेब. पुढे आत्यानं त्यांचं नाव ‘उलटतपासणी’ ठेवलं, तेही तोंडावर.

“आजी, बसा.”

“आजी कोणाची? माझ्या मुलाला अजून मूल नाही.”

“बरं, मावशी, बसा. घरात कोणकोणती औषधं आहेत?”

मी ऐटीत डबा पुढे केला. बाईंनी झाकण उघडलं. “कोणी लावलं हे?”

“मी.”

“सुंदर लावलंय. ही पांढरी कोणती?”

“सकाळची.”

“आणि ही फिकट गुलाबी?”

“तीही सकाळची.”

“सकाळची हे औषधाचं नाव झालं का?”

आत्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “बिनचिठ्ठीची बाटली.” मला कोणत्या मोरीत ओतावं याचा ती विचार करत असावी.

“घर जवळ आहे ना?” बाई मला म्हणाल्या. “मग आत्ताच जा आणि घरातली औषधं घेऊन या. सगळी म्हणजे सगळी. कपाटातली, फ्रिजमधली, पर्समधली, उशाखालची, शेजारणीनं दिलेली.”

‘शेजारणीनं दिलेली’ ऐकताच आत्यानं छताकडे पाहिलं. मी निघालो तशी म्हणाली, “कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीला हात लावू नकोस. तिथे काही नाही.”

इस्पितळात ऐकलं नव्हतं, त्याची भरपाई म्हणून मी बाईंचं शब्दशः ऐकलं. भाजीची मोठी पिशवी घेतली आणि घर झाडून काढलं. फ्रिजच्या दारात कधीतरी उघडलेले डोळ्यांचे थेंब होते. पर्समध्ये झोपेच्या गोळ्या होत्या, ज्या ती घेत नाही असं ती सांगत असे. खोकल्याच्या बाटल्या तळाशी थोडं थोडं औषध ठेवून रांगेत उभ्या होत्या, कारण डॉक्टरनं दिलेलं औषध वाया घालवायचं नाही, पुन्हा खोकला आला की संपवायचं, हा तिचा दुसरा नियम. मसाल्याच्या डब्यामागे खालच्या काकूंनी दिलेली गुडघ्यांची पूड होती, कागदाच्या पुडीत, वर निळ्या शाईत ‘गुडघे’. आणि वरच्या फळीवर एक पत्र्याची डबी होती. ती घ्यावी की नाही म्हणून मी स्टुलावर थोडा वेळ उभा राहिलो. मग घेतली.

बाईंनी पिशवी टेबलावर ओतली. मागे बाकावर बसलेले लोक वाकून बघायला लागले. आत्या म्हणाली, “दुकान लावलंत की माझं.”

“लागूच दे,” बाई म्हणाल्या आणि एकेक वस्तू उचलून विचारायला लागल्या. ही कधी, कशासाठी, कोणी दिली, शेवटची कधी घेतली. पूड हातात घेतली तेव्हा आत्या म्हणाली, “झाडपाल्याची आहे. तिनं काय होणार?” बाईंनी पुडी उघडली, पाहिली, परत बांधली. “यात काय आहे ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, तुमच्या काकूंनाही नाही. पुडीवर ‘गुडघे’ लिहिलं म्हणून आतलं समजत नाही.” आत्यानं मान खाली घातली. चिठ्ठीच्या बाबतीत तिला ऐकून घ्यावं लागल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग डबी आली. डबीवर चिठ्ठी होती, मेण लावलेली. त्यावर आतोबांचं नाव होतं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं.

आत्या आधी माझ्याकडे बघून म्हणाली, “हात लावू नकोस म्हटलं होतं.”

“कोणाची ही?” बाईंनी विचारलं.

“ह्यांची. हृदयाची.”

आतोबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. बाईंनी डबी लगेच उघडली नाही. आवाज खाली आणून विचारलं, “मावशी, यातली कधी घेतलीत?”

आत्या रस्त्याकडे बघत राहिली. “धडधड वाढली की एखादी. ह्यांना बरं वाटायचं तिनं.”

मला वाटलं आता ओरडा बसणार. मी तर तोंडही उघडलं होतं. बाईंनी हातानंच मला गप्प केलं. “सांगितलंत, फार बरं केलंत. हे समजलं नसतं तर मी चुकीचंच काहीतरी सांगत बसले असते.” त्या डबी घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर बाहेर आले, आत्याची नाडी पाहिली, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला आत नेलं. ती परत आली तेव्हा बाई म्हणाल्या, “पट्टी ठीक आहे. पण औषध तुम्हाला परत देता येणार नाही. चिठ्ठी ठेवा.”

आत्यानं नखानं चिठ्ठीची कड उचलली. मेणामुळे ती फाटली नाही, अख्खी निघाली. तिनं ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, जिथे झोपेच्या गोळ्या असायच्या.

त्यानंतर बाईंनी टेबलावर ढीग केले. चालू राहणारी एकीकडे, बंद करायची दुसरीकडे, डॉक्टरांना विचारायची मध्ये. शेवटी दोन रिकामी पाकिटं शेजारी शेजारी ठेवून उलटी केली आणि आत्याच्या हातात भिंग दिलं. मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. आत्यानं एक वाचलं, मग दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं.

“एकाच आम्लाच्या दोन बाटल्या,” ती म्हणाली.

“हो. आणि दोन्हींवर खरी चिठ्ठी.”

“मग चूक कोणाची?” असं विचारताना तिनं पाहिलं माझ्याकडेच. मी छाती पुढे काढून, अगदी उदात्त आवाजात सांगून टाकलं की सिस्टरांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, सगळी चूक माझी एकट्याची.

“एवढा मोठेपणा घेऊ नका,” बाई म्हणाल्या. “हा इस्पितळाचा कागद बघा. नवी नावं लिहिली आहेत, जुनी कोणती बंद ते लिहिलेलं नाही. सिस्टरांनी उभ्याउभ्या सांगितलं. तुम्ही मान हलवली. आणि मागच्या सोमवारी जुनं पाकीट तुम्ही माझ्याकडूनच नेलंत, तेव्हा मावशी मध्ये कुठे दाखल होत्या का असं मी विचारलं नाही. चौघांनी मिळून पाडलंय त्यांना.”

“चौघं लागले,” आत्या म्हणाली, “म्हणजे मी अजून भक्कम आहे.”

बाईंनी तिथूनच इस्पितळात फोन लावला, वॉर्ड मागितला आणि घडलं ते सांगितलं. मी कान देऊन ऐकत होतो, कारण मला भांडण हवं होतं. भांडण झालंच नाही. ‘तुमच्याकडून काय राहिलं, आमच्याकडून काय राहिलं’ अशा सुरात दोन बायका बोलत होत्या, जणू उद्याच्या सहलीचं ठरवतायत.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. “आता तुम्ही मला सांगा. मी पेशंट. कोणती गोळी, कधी, कशासाठी?”

“तुम्ही सांगितलं की आत्ता. कळलं मला.”

“कळलं का असं मी विचारलेलंच नाही.”

मी सुरुवात केली. पहिली गोळी जमली. दुसऱ्या गोळीनं मी हृदयाला लघवीला लावलं. बाकावरचे एक आजोबा हसले. आत्यानं कपाळाला हात लावला, टेंगूळ दुखल्यामुळे काढला आणि मग स्वतःच सगळं धडाधड म्हणून दाखवलं. बाईंनी तिला दोनदा थांबवून उलटसुलट विचारलं. पास झाली. मला फेरपरीक्षा द्यावी लागली.

शेवटची सूचना अशी होती: जुलाब, उलट्या, ताप, खाणंपिणं सुटलेलं, असा दिवस उगवला तर पाण्याची गोळी आणि दाबाची गोळी घेण्याआधी दवाखान्यात फोन करायचा. अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असताना याच चांगल्या गोळ्या मूत्रपिंडांना त्रास देतात, दाबही पाडतात. “आपल्या मनानं घ्यायची नाही, आपल्या मनानं सोडायची नाही. आणि लपवायचं नाही.”

“लपवायचं कशाला?” आत्या म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

महिना बरा गेला. कप्प्यांच्या डब्यात आता मी बटणं ठेवली आणि पाकिटं पाकिटातच राहिली. आत्यानं प्रत्येकावर निळ्या अक्षरात औषधाचं खरं नाव लिहिलं, खाली ‘कशासाठी’, आणि मेण लावायला निघाली होती, मोठ्या कष्टानं थांबवली. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं, हे तिला फार अपमानास्पद वाटायचं. “राणी उठतेय, तुतारी वाजवा,” असं म्हणत उठायची. इस्पितळातून त्याच सिस्टरांचा फोन येऊन गेला. त्यांनी आत्याची चौकशी केली आणि म्हणाल्या की आता त्यांच्या वॉर्डात दाखल होतानाच घरची औषधं पिशवीतून मागवतात, आणि सोडताना बंद करायच्या जुन्या गोळ्यांची नावं कागदावर लाल रेघ मारून देतात. “आणि नातेवाईकांना खुर्ची देतो बसायला,” असंही म्हणाल्या. मला त्या ओळखून आहेत असं वाटून गेलं.

दादा शुक्रवारी संध्याकाळी आला. आल्याआल्या त्यानं टेबल हलवून पाहिलं, न्हाणीघराची फरशी पायानं घासून पाहिली. आत्यानं त्याला सगळी पाकिटं दाखवली. जेवताना ती इतकी बोलली की त्याला सामानाचा विषय काढायला फटच मिळाली नाही.

शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर आत्या ओट्याला टेकून उभी. चेहरा उतरलेला. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात सकाळच्या गोळ्या. दादा अंघोळीला गेला होता.

“काय होतंय?”

“काही नाही. पोट बिघडलंय. पहाटेपासून चार-पाच वेळा जाऊन आले.” आणि मग आवाज खाली आणून, “त्याला सांगायचं नाही.”

“बाईंना फोन लावू?”

“सोमवारी लावू. तो सकाळच्या गाडीनं जातोय.”

“आज शनिवार आहे, आत्या.”

“वार कळतात मला.”

पेच सरळ होता. फोन केला तर दादा ऐकणार, आणि त्याला निमित्तच हवं होतं. गोळ्या गिळल्या तर पुन्हा टेबलाची कड. मी फोन खिशातून काढला आणि हातात धरून उभा राहिलो. लावला नाही. घर तिचं होतं.

न्हाणीघरातला नळ बंद झाला. आत्या गोळ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, माझ्याशी की स्वतःशी ते मला सांगता येणार नाही, “आम्ल सांडलं म्हणून मी कधी कोणा मुलीला ओरडले नाही. सांडून वर फडकं टाकणारीला मात्र सोडलं नाही.” तिनं गोळ्या बशीत ठेवल्या, पलंगावर जाऊन बसली आणि हात पुढे केला. “दे इकडे.”

दादा टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला तेव्हा ती बोलत होती. “उलट्या नाहीत. पातळ होतंय, पहाटेपासून. उभं राहिलं की थोडं गरगरतं. नाही, आजच्या घेतलेल्या नाहीत, बशीत आहेत.” दादाच्या हातातला टॉवेल थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. फोनवर बाई म्हणाल्या, थांबा, डॉक्टरांना विचारते, ठेवू नका. मला वाटतं दादानं तेवढ्या वेळात मनातल्या मनात घर भाड्यानं देऊनही टाकलं असेल.

बाई परत आल्या. आज आणि उद्या पाण्याची आणि दाबाची गोळी थांबवा, बाकीच्या घ्या, क्षाराचं पाणी एकदम नको, थोडं थोडं घ्या, छाती भरल्यासारखी वाटली किंवा गरगर वाढली तर थांबू नका, लगेच या. नाहीतर सोमवारी सकाळी येऊन दाब आणि रक्त तपासून घ्या, गोळ्या कधी सुरू करायच्या ते तेव्हा ठरवू. आत्यानं सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं.

“माझ्याकडे दे,” दादा म्हणाला. फोन घेऊन तो एकदम कंपनीच्या आवाजात बोलायला लागला. मी मुलगा, मी बाहेरगावी असतो, मला सविस्तर सांगा. बाईंनी सांगितलं असावं. तो “हो, हो, बरोबर” म्हणत होता. मग थांबला. “म्हणजे? मी सांगू?” आणि माझा इंजिनिअर भाऊ, ज्याच्या सहीशिवाय लिफ्ट हलत नाही, तो एकेक गोळी बोटावर मोजत सांगायला लागला आणि तिसऱ्या बोटाला अडकला.

“ती थांबवायची नाही रे,” आत्या पलंगावरून म्हणाली. “ती हृदयाची.”

दिवसभर तो तिच्याजवळ बसून होता. चमच्यानं पाणी पाजायला बघत होता, ती पेला हिसकावून घेत होती. संध्याकाळपर्यंत पोट थांबलं. रविवारी ती राणीसारखी उठली आणि कोणालाही न विचारता चहा ठेवला. दादानं जायचं पुढे ढकललं.

सोमवारी दवाखान्यातून परत येताना आत्या पुढे चालत होती. दाब ठीक निघाला होता. दादा मला म्हणाला, “लिफ्टचा दोर तुटला तर काय होतं माहितेय?”

“माणूस मरतो.”

“नाही मरत. वेग वाढला की खालचे जबडे रुळाला घट्ट धरतात, लिफ्ट जागच्या जागी थांबते. दोर तुटणारच नाही असं धरून आम्ही चालत नाही. कोणी तसं म्हणालं तर त्याची लिफ्ट मी पास करत नाही.” थोडं चालल्यावर तो म्हणाला, “परवा तिनं फोन केला नसता, आणि मला नंतर समजलं असतं, तर मी तिला त्याच दिवशी घेऊन गेलो असतो. माझ्याकडेही ती दिवसभर एकटीच असते, हे कोणी लक्षातच घेत नाही. तिथे तिला ना हा दवाखाना, ना ह्या बाई.”

घरी त्यानं आईला एवढंच सांगितलं, “सहा महिन्यांनी पुन्हा बोलू.”

“बोल की. आपण बोललो नाही असं कधी झालंय?” आत्या म्हणाली. पण दुपारी तो न्हाणीघरात भिंतीला आधाराची दांडी बसवत होता तेव्हा ती दारात उभी राहून त्याच्याशी दांडीच्या उंचीवरून मनसोक्त भांडत होती. मागच्या कितीतरी महिन्यांत मी तिला एवढी खुशीत पाहिली नव्हती.

राहता राहिली ती बाईंची फी. सोमवारी आम्ही निघताना त्या म्हणाल्या होत्या, “मावशी, माझं देणं लागता तुम्ही. प्रत्येकानं एकेक पिशवी आणून द्यायची. स्वतःची नाही, दुसऱ्या कोणाची तरी. माणसासकट.”

आत्यानं आठवड्याच्या आत खालच्या काकूंना नेलं. काकू रुसून गेल्या होत्या. त्यांच्या पिशवीतून पुडीच्या बहिणी-भावंडांसकट इतकं काही निघालं की बाईंना शेजारचं टेबल ओढावं लागलं. आता काकूंचा साखरेचा आकडा ताळ्यावर आहे आणि त्याचं श्रेय काकू त्या पुडीलाच देतात. दादानं सासऱ्यांना त्यांच्या तिकडच्या दवाखान्यात नेलं आणि पिशवीचा फोटो पाठवून पावती मागितली.

माझी पिशवी बाकी आहे. मी वडिलांचं नाव सांगून बसलोय. ते शर्टाच्या खिशात सुट्या गोळ्या ठेवतात, दाबाच्या, पित्ताच्या, आणखी कसल्या कसल्या, आणि चष्मा काढताना हाताला जी लागेल ती घेतात. मी फोन केला की म्हणतात, मला काय धाड भरलीय, मी ठणठणीत आहे. मागून आई म्हणते, खिशात काय आहे ते विचार त्यांना. मग म्हणतात, येतो पुढच्या आठवड्यात, छपराचं काम संपू दे. छपराचं काम दोनदा संपून झालं. आत्यानं थोरली बहीण म्हणून एकदा फोनवर चांगलं झापलं, तर तिला म्हणाले, तुझा आवाज खणखणीत झाला की गं, कोणती गोळी घेतेस, मलाही पाठव.

आत्याच्या गोळ्या आणायला मी दर महिन्याला जातो. बाई खुर्ची पुढे करतात, मला बसवतात, सगळं माझ्याकडून म्हणून घेतात आणि मग माझ्यामागे दाराकडे बघतात, कोणी आलंय का. कालच वडिलांना पुन्हा फोन केला. त्यांनी विषय बदलून मला पगार वाढला का ते विचारलं.